विहिरीवरचे जुने इंजिन भंगारात घालण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांमधून फिरताना एक गोष्ट हमखास नजरेस पडते. विहिरीच्या काठावर, कोठ्याच्या कोपऱ्यात किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली एखादे जुने ऑइल इंजिन गंजत पडलेले असते. दोन बाजूंना दोन मोठी चाके, मधे उभे सिलिंडर आणि वर तेलाने काळी पडलेली टाकी. ते शेवटचे केव्हा चालले होते, हे घरातल्या पोरांना ठाऊकही नसते. भंगारवाला अधूनमधून चक्कर मारतो, किलोचा भाव सांगतो आणि एक दिवस आजोबांनी काटकसर करून घेतलेले ते इंजिन टेम्पोत चढते.

विकू नका असा सल्ला देण्यासाठी हा लेख नाही. अडचण प्रत्येकाला असते. पण विकण्याआधी ते एकदा नीट बघावे, एवढेच सांगणे आहे. कारण यातली कितीतरी इंजिने मेलेली नसतात, नुसती जाम झालेली असतात. ती पुन्हा चालू करणे हा एक छंद आहे. हाताला काम आणि डोक्याला खुराक देणारा हा छंद शेतकऱ्याच्या घरात सहज जमण्यासारखा आहे. त्यात घाई करावी अशी एकच बाब आहे. ज्या मिस्त्र्यांना या इंजिनांची नस माहीत आहे, ते आता थकले आहेत. इंजिन आणखी दहा वर्षे गंजत थांबेल, मिस्त्री थांबेल असे नाही.

मोटेनंतर आलेला पाहुणा

आपल्याकडे आधी मोट होती. बैलजोडी, सोंदूर, नाडा आणि दिवसभर उतारावर मागे-पुढे चालणे. ऑइल इंजिन आले आणि बैलांचा तो जाच सुटला. विहिरीवर इंजिन असणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. एकाच इंजिनाला पट्टा लावून सकाळी पाणी, दुपारी कडबा कापणे, तर कुठे गुऱ्हाळ किंवा पिठाची गिरणी चालत असे. गिरणीच्या धुराड्यावर डबा बसवलेला असला की त्याचा टुक-टुक आवाज शिवेपलीकडे जाई आणि बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन निघत.

या यंत्राची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन 1897 मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी चालले. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने 1890 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या तेल इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्याचे डोके आधी दिव्याने तापवावे लागे. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला, तो नांगरासाठी गाजला. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात 1933 मध्ये डिझेल इंजिन तयार झाले आणि देशात बनलेले ते पहिले मानले जाते. पुढे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि ‘किर्लोस्कर’ हा शब्द खेड्यात इंजिनाचाच पर्याय होऊन बसला.

दुसरे घराणे लिस्टरचे. इंग्लंडमधील डर्सली गावच्या या कंपनीने 6 हॉर्सपॉवरचे, मिनिटाला 650 फेरे घेणारे उभे इंजिन बाजारात आणले. साडेचार इंची पिस्टन आणि साडेपाच इंचांचा फेर. वजन तीन क्विंटलांहून जास्त. राजकोटच्या कारखान्यांनी हाच नमुना वर्षानुवर्षे ओतला आणि देशभर पोहोचवला. तुमच्या वावरातले दोन चाकांचे संथ इंजिन याच घराण्यातले असण्याचा संभव मोठा आहे. किर्लोस्करचे 5 हॉर्सपॉवरचे एव्ही-1 हे मात्र वेगळ्या चालीचे. त्याचा पिस्टन 80 मिलिमीटरचा आणि फेरे मिनिटाला 1500. जाणता माणूस नुसत्या आवाजावरून दोन्ही ओळखतो. संथ इंजिनाचे ठोके वेगवेगळे कानाला कळतात, वेगवान इंजिनाची सलग घरघर लागते.

साहेबाचा छंद, आपले लोखंड

जुनी इंजिने नीट करून चालवण्याचा नाद जगात ठिकठिकाणी आहे. समुद्र आणि तळी असलेल्या मुलखात लोक होडीच्या मागे लावायची जुनी मोटर शोधत फिरतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने 1909 मध्ये अशी मोटर विक्रीला आणली. ती दीड हॉर्सपॉवरची आणि 62 पौंडांची, म्हणजे साधारण 28 किलोंची होती. तिथे अशा जुन्या मोटरी जपणाऱ्यांचा क्लब 1965 पासून आहे. एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन 2020 मध्ये थांबले, पण क्लबवाल्यांच्या हातात शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरी पाणी कापत आहेत.

आपल्या जिल्ह्यात वर्धा, वेणा, धाम, यशोदा या नद्यांवर डोंगा चालला तो वल्ह्यावर आणि बांबूवर. त्यामुळे होडीची जुनी मोटर आपल्याला कुठून सापडणार? आपले जुने लोखंड विहिरीवर आहे. आणि त्याचीही जगात कदर आहे. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात शेतातली जुनी इंजिने मैदानात मांडून दिवसभर चालवण्याचे मेळावे भरतात. लोक तिकीट काढून ती बघायला येतात. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी राजकोटची संथ इंजिने जहाजाने मागवून घरच्या जनरेटरला जोडली. पुढे धुराच्या कायद्यामुळे ती आयात अडली. म्हणजे आपण जे किलोच्या भावाने घालवतो, ते कोणी सातासमुद्रापलीकडे हौसेने नेत होते.

आधी पाटी वाचा

इंजिन हाती घेतले की पहिले काम पाना लावण्याचे नाही, तर पाटी वाचण्याचे. बहुतेक इंजिनांवर पितळेची किंवा पत्र्याची पाटी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, हॉर्सपॉवर, फेरे आणि नंबर असतो. ती चिंधीला डिझेल लावून हळूच पुसावी. पॉलिश पेपर घासू नये. अक्षरे गेली की इंजिनाची ओळख गेली.

त्यानंतर इंजिनाचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावेत. कोणती नळी कुठे जाते, कोणता बोल्ट लांब आणि कोणता आखूड, हे खोलल्यावर आठवत नाही. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून डब्यावर नाव लिहावे. आतल्या दातेरी चाकांवर खुणा असतात, त्या जुळवूनच ती परत बसवावी लागतात. खुणा दिसत नसतील तर काढण्यापूर्वी आपणच खूण करून घ्यावी. एका दाताचा फरक पडला तरी इंजिन सुरू होत नाही, आणि मग दोष भलतीकडेच शोधला जातो.

दोन गोष्टी याच वेळी तपासाव्यात. एक म्हणजे चाकांना, विशेषतः मधल्या भोकाजवळ आणि आऱ्यांना, कुठे चीर आहे का. दुसरी म्हणजे सिलिंडरचा ओतीव भाग फुटलेला आहे का. चाकाला चीर असेल तर ते इंजिन चालवू नये. ते नुसते मांडून ठेवण्यापुरते समजावे. यात तडजोड नाही.

जाम इंजिन कसे सोडवावे

वर्षानुवर्षे पावसात पडलेल्या इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला गंजाने धरून बसतो. अशा वेळी चार गडी चाकाला लटकतात आणि पहारीने जोर लावतात. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा पिस्टनला तडा जातो. इथे जोर कामाचा नाही, दम कामाचा.

नोझल काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे. आठ-पंधरा दिवस तसेच राहू द्यावे. मधे मधे भर घालावी. मग चाक दोन्ही हातांनी धरून थोडे पुढे, थोडे मागे हलवावे. सुताएवढे जरी हलले तरी काम झाले समजा. रोज थोडे थोडे हलवत गेले की एक दिवस चाक पूर्ण फिरते. नाहीच फिरले तर हेड खोलावे आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून बेताने ठोकावे. लोखंडी हातोडा थेट मारू नये.

चाक मोकळे झाले म्हणजे इंजिन चालू झाले असे नव्हे. पुढची कामे क्रमाने करावीत. पाणी फिरते ती पोकळी साफ करावी. आपल्याकडच्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्याचा क्षार आत थरावर थर बसून वाट बुजवतो आणि मग इंजिन तापते. व्हॉल्व्ह काढून ते ग्राइंडिंग पेस्टने आपापल्या जागी घासून बसवावेत. बसले की नाही हे पाहण्यासाठी हेड उलटे ठेवून वरून थोडे डिझेल ओतावे. खाली पाझरले नाही तर काम झाले. खालच्या चेंबरमधले जुने काळे तेल काढून गाळ पुसून घ्यावा. संथ इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक तेलात बुडून ते वर उडवते आणि सगळ्या भागांना पोहोचवते. तेलाची पातळी कमी पडली की सगळे कोरडे चालते.

डिझेल टाकी गंजलेली असेल तर मूठभर खडी आणि डिझेल घालून ती हलवावी, धुवावी, गाळणी नवी घालावी. टाकीतल्या गंजाचा एक कण डिझेल पंपात गेला की महिनाभराची मेहनत वाया जाते.

पैसा कुठे लागतो

बहुतेक काम घरच्या हातांनी होते. पैसा लागतो तो तीन जागी. पहिली जागा डिझेल पंप आणि नोझल. हे भाग घरी खोलू नयेत. त्यांतली फट डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक असते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पंप-नोझल तपासणारे दुकान असते, तिथे यंत्रावर दाब पाहून घ्यावा. दुसरी जागा लायनर आणि रिंगा. लायनर किती झिजला हे लेथवाल्याकडून मोजून घ्यावे. थोडी झीज असेल तर नव्या रिंगांवर भागते. तिसरी जागा बेअरिंग किंवा बुश.

राजकोटच्या नमुन्याच्या इंजिनांचे सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे जाते, कारण एकच माप अनेक कारखान्यांनी वापरले. बंद पडलेल्या जुन्या कंपन्यांच्या इंजिनांचे तसे नाही. म्हणून दोन इंजिने पडलेली असतील तर दुसरे लगेच विकू नये. एकाच्या अंगावरचे दुसऱ्याला घालून एक उभे राहते.

रंगाची घाई शेवटी करावी. पाटीच्या खाली किंवा तेलाच्या खपलीखाली मूळ रंग शिल्लक असतो, तोच द्यावा. चालत नसलेल्या इंजिनाला चकचकीत रंग देणे म्हणजे आजारी बैलाला झूल घालण्यासारखे आहे.

जिवाशी खेळ नको

हा भाग घरातल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवावा.

हॅन्डल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, हॅन्डलभोवती वळवू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते. व्हॉल्व्ह उघडा धरून चाकाला आधी वेग द्यावा, मग व्हॉल्व्ह सोडावा. हॅन्डल आपोआप सुटते की नाही हे इंजिन बंद असतानाच तपासावे.

दुपट्टा, धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, सैल बाही यांना चाकापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवावे. चाक ज्या पाचरेने दांड्यावर बसवतात तिचे डोके बाहेर आलेले असते आणि ते फिरताना दिसत नाही. तेच कपडा पकडते.

नोझलची फवार तपासताना समोर हात धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

गव्हर्नर अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच बेफाम पळते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद करायला एक माणूस हात ठेवून उभा असावा. चाकाच्या समोर रेषेत कोणी उभे राहू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. इंजिन बंद खोलीत चालवू नये आणि विहिरीत तर मुळीच उतरवू नये. पाणी खोल गेले की पूर्वी विहिरीच्या टप्प्यावर इंजिन ठेवीत. त्याचा विषारी धूर आत कोंडतो. एक माणूस खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. अशाने एकाच घरातली माणसे गेली आहेत.

चालू झाले, आता करायचे काय?

स्पष्ट बोलायचे तर रोजच्या ओलितासाठी हे इंजिन आता परवडत नाही. 6 हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा ते दीड लिटर डिझेल पिते. विजेचा पंप आहे, सौर पंपाच्या योजना आहेत, त्यांच्याशी याची बरोबरी होणार नाही. पण ऐन गरजेला डीपी जळाली आणि चार दिवस लाइन आली नाही, तर एक पाणी देऊन पीक वाचवण्यापुरते ते उपयोगी पडते. त्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवावा. संथ इंजिनाचे फेरे 650 आणि पंपाला हवेत 1450 च्या आसपास. पंपाची पुली 5 इंची असेल तर इंजिनाची 11 इंची लागते, म्हणजे पंपाला 1430 फेरे मिळतात. पुली चुकली की पाणी चढत नाही आणि दोष इंजिनाला बसतो.

ठेवून द्यायचे असेल तरी महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवावे आणि वर्षातून एकदा तरी चालवावे. त्यासाठी खंडेनवमीसारखा दिवस नाही. त्या दिवशी आपण वखर-नांगराची पूजा करतोच. इंजिनालाही हळद-कुंकू लावावे आणि अर्धा तास पंपाचा भार देऊन चालवावे. नुसते रिकामे फार वेळ चालवल्यास आत काजळी धरते.

वर्ध्याच्या मातीतला प्रश्न

हा छंद आपल्या जिल्ह्याला शोभणारा आहे, तो एका कारणाने. गावाला कसले यंत्र हवे, हा प्रश्न वर्ध्याइतका कुठे विचारला गेला नसेल. ग्रामोद्योग संघाचे काम 1934 नंतर मगनवाडीत सुरू झाले आणि 1938 मध्ये तिथेच मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. त्याआधी 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अट अशी की यंत्राची किंमत 150 रुपयांपेक्षा जास्त नसावी, नीट निगा राखली तर ते 20 वर्षे चालावे आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण अटी पाहा. यंत्र किती काम करते याबरोबरच ते किती दिवस टिकते आणि गावात नीट होते का, हेही त्यात धरले होते.

जुने ऑइल इंजिन डिझेल पिते, धूर ओकते, पण तो शेवटचा निकष ते बऱ्याच अंशी पुरा करते. चार पाने आणि एक हातोडा घेऊन गावातला माणूस ते खोलू शकतो, बिघाड डोळ्याने पाहू शकतो. आजच्या पंपाची पेटी बंद पडली की कंपनीचा माणूस येईपर्यंत आपण नुसते बघत बसतो. पोराने एक इंजिन स्वतः खोलून पुन्हा चालू केले, तर यंत्राची भीती त्याच्या मनातून जाते. ही शिकवणी कोणत्याही क्लासात पैसे भरून मिळत नाही.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

पाणीपुरवठ्याच्या जुन्या योजनांची इंजिने काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात पडून असतात. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद आहे का ते पाहावे. निर्लेखन आणि लिलाव करण्याआधी पाटीवरचा मजकूर उतरवून घ्यावा. एखादे इंजिन जुने आणि पूर्ण असेल तर ग्रामसभेत ठराव घेऊन ते गावातच ठेवावे. शाळेच्या आवारात ओटा बांधून, वर छपरी घालून, भोवती जाळी लावून ते मांडता येईल. जवळच्या आयटीआयच्या मुलांना त्यावर हात चालवू द्यावा, गावातल्या जुन्या मिस्त्र्याला मान देऊन बोलवावे आणि तो सांगतो ते लिहून घ्यावे. याला मोठा निधी लागत नाही.

सिंदी रेल्वेसारख्या गावात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी दिमाखात निघतात, कारण ज्या बैलाने आपल्याला पोसले त्याची आठवण लेकरांना राहावी. मोटेच्या बैलाचे ओझे ज्याने उतरवले, त्या इंजिनालाही गावात एक जागा द्यायला हरकत नाही.

तेव्हा या दिवाळीनंतर, कापसाचा पहिला वेचा घरी आला की, कोठ्यामागचे पऱ्हाट्यांचे ओझे बाजूला करा आणि पाटी पुसून बघा. नोझलच्या भोकातून अर्धा लिटर तेल ओतून ठेवा. पंधरा दिवसांनी चाक हलले तर मिस्त्र्याला निरोप धाडा. नाहीच हलले तर भंगारवाला कुठे पळून जात नाही.